एवढं दणकट जहाज, मग पुन्हा चालवत का नाहीत?

आमच्या शेजारचे काका कोराडीच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण लोखंडाची मोठी वस्तू दिसली की त्यांची नजर आधी गंजाकडे जाते. परवा संध्याकाळी मोबाईल घेऊन गेटवर आले. व्हिडिओत एक अवाढव्य जहाज, त्यावर दोन धुराडी, रंगाचे पोपडे निघालेले, आणि टगबोटी त्याला ओढत नेताहेत. खाली लिहिलेलं, की हे जहाज आता समुद्रात मुद्दाम बुडवणार.

"एवढी दणकट बॉडी हाय अन् बुडवून राहिले? कायले?" काका खरंच चिडले होते. "रिपेरिंग करा, चालवा. लोकं पैसे देऊन बसतीन ना!"

नागपूरहून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र पाचशे किलोमीटरच्या पलीकडेच. आमचा जलप्रवास फुटाळा तलावाच्या काठावर भुट्टा खात उभं राहण्यापुरता. तरी काकांचा प्रश्न मला नवा नव्हता. जुन्या जहाजांचं वाचण्याचा नाद मला आहे, आणि हाच प्रश्न मलाही बरीच वर्षं पडलेला. त्या संध्याकाळी पायरीवर बसून जे बोलणं झालं, ते थोडं नीट लावून इथे लिहितोय.

व्हिडिओतलं जहाज होतं 'एसएस युनायटेड स्टेट्स'. विल्यम फ्रान्सिस गिब्ज नावाच्या अभियंत्यानं आखलेलं, १९५२ साली पहिल्या सफरीवर निघालेलं. लांबी ३०२ मीटर. पहिल्याच फेरीत त्यानं अटलांटिक महासागर ३ दिवस १० तास ४० मिनिटांत पार केला. सरासरी वेग ३५.५९ नॉट, म्हणजे ताशी जवळपास ६६ किलोमीटर. एका तरंगत्या गावाचा हा वेग आहे, हे लक्षात घ्या. १९६९ साली ते बंद झालं, १९९६ पासून फिलाडेल्फियाच्या धक्क्याला बांधून ठेवलेलं होतं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ओढत मोबाईल या अलाबामातल्या बंदराकडे नेलं. तिथे साफसफाई करून पुढे फ्लोरिडाच्या ओकालूसा परगण्याजवळ बुडवायचं, म्हणजे माशांना आणि पाण्यात बुडी मारणाऱ्या हौशी लोकांना कृत्रिम खडक मिळेल, असा तेव्हाचा बेत.

मधल्या काळात त्याला पुन्हा चालवायचे प्रयत्न झाले नाहीत, असं नाही. झाले, आणि पैसेवाल्या कंपन्यांनी केले. ते का फसले हे कळायला आधी एक फरक समजून घ्यावा लागतो, आणि माझ्या मते सगळी गोम त्या एका फरकातच आहे.

आपण सरसकट ज्याला क्रूझ म्हणतो ते आणि हे जुनं जहाज, या दोन वेगळ्या जाती आहेत. जुनं जहाज म्हणजे लाइनर. ठरलेला मार्ग, ठरलेली तारीख, या बंदरातून त्या बंदरात माणसं आणि टपाल पोचवायचं. हावडा मेल समजा. नागपूरला थांबते, पण नागपूर दाखवायला नाही थांबत. क्रूझ जहाज म्हणजे डेक्कन ओडिसी. तिला कुठे पोचायची घाई नसते. गाडीत बसणं हीच सहल. आता हावडा मेलला डेक्कन ओडिसी करायचं ठरवलं तर डबे तरी बदलता येतात. जहाजाला डबे नसतात.

लाइनरचा सगळा जन्मच वेगासाठी. उत्तर अटलांटिकमध्ये हिवाळ्यात लाटा डोंगराएवढ्या येतात, तरी वेळ पाळायची. म्हणून पुढचं नाक धारदार, अंग निमुळतं, पाण्याखालचा भाग खोल आणि इंजिन राक्षसी. युनायटेड स्टेट्सची ताकद सुमारे २ लाख ४० हजार अश्वशक्ती होती. मी काकांना म्हटलं, "मेगावॅटमध्ये सांगतो. १८०च्या आसपास."

काका सरसावून बसले. "म्हणजे आमचं जुनं दोनशे दहाचं युनिट."

जवळजवळ तेच. अमेरिकी सरकारनं या जहाजाच्या खर्चात मोठा वाटा उचलला होता, कारण युद्ध झालं तर त्यातून एका वेळी १४ हजार सैनिक न्यायचे होते. म्हणजे ताकद प्रवाशांच्या हौसेसाठी नव्हतीच.

आता गंमत बघा. पाण्यात वेग वाढवायचा तर ताकद त्याच पटीत वाढवून भागत नाही. ढोबळ नियम असा की वेग दुप्पट केला तर ताकद आठपट लागते. उलटही तितकंच खरं. सहलीच्या जहाजाला रात्रभरात एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं असतं. २० नॉट म्हणजे चैन. ३५ नॉटला १८० मेगावॅट लागत असतील तर २० नॉटला तेहतीस-चौतीसमध्ये काम होतं. उरलेलं यंत्र नुसतं बसून खातं.

"टेक्निकल मिनिममच्याही खाली," काका म्हणाले. औष्णिक केंद्रात संच ज्याच्या खाली चालवू नये अशी एक मर्यादा असते, तिला हे नाव आहे. त्याच्या खाली गेलं की कोळसा जास्त जळतो, वीज कमी येते आणि बॉयलर कुरकुरतो. जहाजावर आठ बॉयलर असले तर चार बंद ठेवता येतात म्हणा. पण मग त्या चारांचं वजन, त्यांनी अडवलेली जागा, त्यांची देखभाल हे सगळं फुकटचं ओझं. त्यात वाफेचं जुनं यंत्र शंभर रुपयांच्या तेलातून तीसेक रुपयांचं काम काढतं, डिझेल इंजिन पंचेचाळीसच्या पुढे जातं. १९७०च्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा हे गणित लाइनरवाल्यांच्या गळ्याशी आलं. प्रवासी तर आधीच विमानात जाऊन बसले होते. १९५८ साली अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली, आणि साडेतीन दिवसांच्या विक्रमाला विचारणारं कोणी उरलं नाही.

दुसरी अडचण खोलीची. 'फ्रान्स' नावाचं आणखी एक प्रसिद्ध लाइनर होतं, ३१६ मीटर लांब. ते पाण्याखाली साडेदहा मीटर बुडायचं. आजचं सगळ्यांत मोठ्या जहाजांपैकी एक 'आयकॉन ऑफ द सीज' त्याच्या तिपटीहून मोठं, पण बुडतं सव्वानऊ मीटरच्या आसपास. आजची जहाजं खालून चपट्या थाळीसारखी, वर वीस मजली. त्यामुळे लहान बेटांच्या धक्क्याला सहज लागतात. लाइनरला बाहेर खोल पाण्यात नांगर टाकावा लागतो आणि प्रवाशांना होडीतून काठावर न्यावं लागतं. दोन हजार माणसं, होडीची रांग, डोक्यावर ऊन. दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनाची रांग लोक श्रद्धेनं लावतात. सुट्टीचे पैसे मोजलेला माणूस तासभरात कुरकुर सुरू करतो.

तिसरी अडचण बाल्कनीची, आणि ही ऐकायला क्षुल्लक वाटते. क्रूझवाल्यांची खरी कमाई बाल्कनीच्या खोलीत असते. लाइनरमध्ये बाल्कन्या जवळजवळ नसायच्या. अटलांटिकच्या थंड वाऱ्यात कोण बाहेर बसणार? गोल काचेच्या खिडक्या, कित्येक खोल्यांना त्याही नाहीत. मग भोकं पाडा आणि बाल्कनी काढा, असं कोणीही म्हणेल.

इथे जहाजाचं अंग कसं काम करतं ते समजून घ्यायला हवं. ३०० मीटरचं जहाज लाटेवर आलं की कधी फक्त मधला भाग लाटेवर असतो, दोन्ही टोकं अधांतरी. पुढच्या क्षणी उलट, दोन टोकांना आधार, मध्ये पोकळी. एखादी लांब फळी दोन्ही हातांनी आळीपाळीनं वर-खाली वाकवावी तसं. फळी वाकवताना सगळ्यांत जास्त ताण तिच्या वरच्या आणि खालच्या कडेला येतो, मधल्या भागाला कमी. जहाजातही वरचे डेक आणि तळ हेच मुख्य ताण घेतात, आणि आपल्याला बाल्कन्या हव्यात नेमक्या वरच्या भागात. तिथे खिडकीचं भोक मोठं केलं की त्याच्या कोपऱ्यातून तडा सुरू होतो. मग तडा अडवायला आतून पट्ट्या, पट्ट्यांचं वजन वर, वजन वर गेलं की जहाज डोलणार. टपावर जास्त सामान चढवलेली काळीपिवळी वळणावर जशी झुकते, तशी गत.

युनायटेड स्टेट्समध्ये तर वरचे मजले ॲल्युमिनियमचे आणि खालचं अंग पोलादाचं. वजन हलकं ठेवायला गिब्जनं तसं केलं होतं, आणि त्या काळात ते धाडसाचं काम होतं. पण दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटले आणि वर खारं पाणी पडलं की ती एक बॅटरीच होते. ॲल्युमिनियम झिजत जातं. सांध्यात विलगीकरणाचा थर ठेवतात, पण तो थर सत्तर वर्षं टिकावा ही अपेक्षाच चूक.

काकांना मात्र अजून पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, आधी जाडी मोजा, मग बोला.

आणि ते बरोबर होतं. जहाजाचंही पहिलं काम तेच. कोराडीत वार्षिक बंद असताना काका बॉयलरच्या नळ्यांची जाडी मोजायचे, त्याची कृती त्यांनी मला पायरीवर बसल्या बसल्या हातवारे करून दाखवली. आधी पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा चकचकीत घासायची. त्यावर बोटभर ग्रीस लावायचं, कारण हवेतून आवाजाची लहर नीट जात नाही. मग पेनाएवढा प्रोब त्यावर टेकवायचा, दाबायचा नाही. लहर लोखंडाच्या पलीकडच्या कडेवर आपटून परत येते, आणि तिला लागलेल्या वेळावरून मशीन आकडा दाखवतं. पाच मिलिमीटरच्या नळीला चार आला की काका वहीत लाल पेननं लिहायचे. "तीन आला की मग जेवण नाही जात," म्हणाले.

जहाजावर हेच, फक्त हजारो ठिकाणी. लॉइड्स रजिस्टर, डीएनव्ही अशा वर्गीकरण संस्था असतात. त्यांच्या प्रमाणपत्राशिवाय जहाजाला विमा नाही आणि बंदरात थाराही नाही. पत्रा मूळ जाडीच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त झिजला तर कापून नवा बसवा, असा त्यांचा हिशेब. म्हणजे गंज हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. पैसे लागतात, पण पोलाद बदलता येतं. 'लोखंड सडलं म्हणून जहाज मेलं' असं जे आपल्याला वाटतं ते बहुतेक वेळा खरं नसतं.

जास्त त्रास देतं ते दुसरंच. ॲस्बेस्टॉस. नागपुरात अर्ध्या शेडवर जे सिमेंटचे पत्रे दिसतात, त्यात हाच तंतू असतो. तो जळत नाही, उष्णता अडवतो, म्हणून जुन्या जहाजांत भिंतीत, छतात, नळ्यांभोवती ठासून भरलेला. गिब्जला आगीचं एवढं भय, की त्यानं जहाजात लाकूड जवळजवळ येऊच दिलं नाही. खाटकाचा ठोकळा आणि पियानो एवढंच लाकडी, असं सांगतात. त्या भयालाही कारण होतं. १९४२ साली 'नॉर्मांडी' हे देखणं फ्रेंच लाइनर न्यूयॉर्कच्या धक्क्यावर सैनिकी जहाजात बदलताना एका ठिणगीनं पेटलं आणि आडवं झालं. पण लाकडाच्या जागी जे आलं ते फुप्फुसाला घातक निघालं. पत्रा शाबूत असेतो ठीक, तोडला की तंतू हवेत. म्हणून तो काढायचा तर प्रत्येक खोली प्लास्टिकनं बंद करून, मुखवटे घालून, कण न कण गोळा करून. युनायटेड स्टेट्सचा ॲस्बेस्टॉस १९९०च्या दशकात युक्रेनमध्ये नेऊन काढला. तो काढताना आतल्या भिंती, छतं सगळंच गेलं. फर्निचर त्याआधीच, १९८४ साली लिलावात विकलं गेलं होतं. परत आलं ते रिकामं टरफल.

आता नियम. समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याला सोलास म्हणतात. जुन्या जहाजांना बराच काळ सवलती होत्या. १९९०च्या एका भीषण आगीनंतर अटी आवळत गेल्या, आणि ऑक्टोबर २०१० नंतर ज्वालाग्राही सामानानं बांधलेली जुनी प्रवासी जहाजं थेट बाद झाली. लाकडी पॅनेलची किती सुंदर जहाजं त्या एका तारखेनं भंगारात गेली! शिवाय जहाजाला मोठी दुरुस्ती केली की बदललेल्या भागाला आजचे नियम लागतात: टक्कर होऊन पाणी शिरलं तरी ते सरळ उभं राहील का, जिने किती रुंद, सांडपाणी कुठे जाणार, २०२० पासून इंधनात गंधक अर्ध्या टक्क्याहून जास्त नको. आपल्याकडे महाल भागातला जुना वाडा रंगवला तर कोणी विचारत नाही, पण पाडून बांधायला काढला की पार्किंग दाखवा म्हणतात. तसंच.

हे सगळं एका तागडीत घातलं की काय होतं, ते २०१६ साली दिसलं. क्रिस्टल क्रूझेस या कंपनीनं फेब्रुवारीत जाहीर केलं की युनायटेड स्टेट्सला आम्ही आलिशान जहाज करणार: ८०० प्रवासी, खर्च ७० कोटी डॉलर. सहा महिने अभियंत्यांनी तपासलं. निष्कर्ष वाचून काकांना बरं वाटलं असतं: अंग आश्चर्य वाटावं इतकं ठणठणीत. पण आजच्या स्थिरतेच्या नियमांत बसवायला आणि नवी इंजिनं घालायला त्या ठणठणीत अंगाचाच मोठा भाग तोडून नव्यानं बांधावा लागला असता. ऑगस्टमध्ये कंपनीनं हात वर केले. त्याआधी २००३ साली नॉर्वेजियन क्रूझ लाइननं ते विकत घेतलं होतं, तेव्हा कारण वेगळं होतं. अमेरिकेतल्या दोन बंदरांमध्ये प्रवासी न्यायचे तर जहाज अमेरिकेत बांधलेलं पाहिजे असा १८८६चा कायदा आहे, आणि तसं मोठं जहाज मिळणं दुर्मीळ. म्हणजे त्या टरफलाची किंमत बऱ्याच अंशी त्याच्या जन्मदाखल्याची होती. त्यातूनही काही निघालं नाही.

७० कोटीला ८०० नं भागून बघा: दर प्रवाशामागे पावणेनऊ लाख डॉलर. आयकॉन ऑफ द सीज सुमारे २०० कोटी डॉलरला पडलं, खोलीत दोघं धरून ५,६१० प्रवासी. दर प्रवाशामागे साडेतीन लाख, आणि जहाज कोरं करकरीत.

"म्हंजे कोणीच नाही केलं आजवर?"

केलंय ना. तिथेच खरं शिकण्यासारखं आहे.

क्वीन एलिझाबेथ २, म्हणजे क्यूई२, १९६९ साली सेवेत आलं, वाफेवर. १९८६ च्या अखेरीस त्याला जर्मनीत ब्रेमरहाफनला नेलं आणि पोटातलं सगळं वाफेचं यंत्र बाहेर काढलं. कसं? जहाज कापून नाही. धुराड्याखालच्या मोकळ्या उभ्या बोळातून जुने बॉयलर तुकडे करून वर ओढले आणि त्याच वाटेनं नऊ डिझेल इंजिनं खाली सोडली. ती इंजिनं जहाजाला ढकलणाऱ्या पंख्याला जोडलेली नाहीत. ती वीज करतात, आणि ४४ मेगावॅटच्या दोन विजेच्या मोटारी पंखे फिरवतात. आपल्या रेल्वेच्या डिझेल इंजिनातही असंच असतं. फायदा असा की वेग कमी हवा तेव्हा नऊपैकी चारच इंजिनं चालवा, आणि ती चार पूर्ण ताकदीनं, म्हणजे किफायतीत चालतात. टेक्निकल मिनिममचा प्रश्नच मिटला. इंधन जवळपास तिसऱ्या हिश्श्यानं वाचलं, आणि जहाज त्यानंतर आणखी वीस वर्षं, २००८ पर्यंत फिरलं.

फ्रान्सची गोष्ट जास्त रंगतदार आणि शेवटी जास्त वाईट. १९७४ला ते बंद पडलं, १९७९ला नॉर्वेच्या क्लोस्टर या जहाजमालकानं १.८ कोटी डॉलरला घेतलं आणि त्याचं 'नॉर्वे' केलं. त्यांनी वाफ काढली नाही, निम्मी ठेवली. पुढची इंजिनखोली बंद केली, आठातले चार बॉयलर ठेवले, चार पंख्यांतले बाहेरचे दोन उतरवले. वेग गेला, पण वेग नकोच होता. खोलीच्या अडचणीवर तोडगा म्हणून डेकवरच दोन मोठ्या बोटी बसवल्या, प्रत्येकीत चारशे माणसं मावणाऱ्या, बेटावर ने-आण करायला. जुगाड म्हणा, पण झकास जुगाड. १९८० पासून वीसहून जास्त वर्षं ते कॅरिबियनमध्ये चाललं.

२५ मे २००३ ला मायामीत धक्क्याला उभं असताना त्याचा एक बॉयलर फुटला. आठ कर्मचारी गेले. चौकशीत निघालं की धातू थकून तडे गेले होते, पाण्याची प्रत नीट राखली नव्हती, तपासण्या कमी पडल्या होत्या. आणि आणखी एक गोष्ट, जी ऐकून काका बराच वेळ गप्प बसले. लाइनरचा बॉयलर एकदा पेटवला की दिवसेंदिवस तापलेलाच राहतो. सहलीवर तो वारंवार पेटवायचा आणि थंड करायचा. तापताना धातू फुगतो, थंड होताना आखडतो. तार मागेपुढे वाकवत राहिलं की तुटते, तसा.

"डोझिंग कोण पाहत होतं?" काकांनी विचारलं. बॉयलरच्या पाण्यात औषध घालण्याला ते लोक डोझिंग म्हणतात. मग स्वतःशीच म्हणाले, "आठ माणसं."

नॉर्वे त्यानंतर प्रवासी घेऊन कधी निघालं नाही. 'ब्लू लेडी' नावानं २००६ साली ते गुजरातेत अलंगला आलं. ॲस्बेस्टॉसवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं, २००७ साली तोडायची परवानगी मिळाली. १९६० साली ज्याच्या जलावतरणाला फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी उभ्या होत्या, ते आपल्याच देशाच्या वाळूवर संपलं.

तिसरं उदाहरण कमी लोकांना माहीत असतं. १९५६ साली 'आंद्रेआ दोरिया' या इटालियन लाइनरला धडकून जिनं तिला बुडवलं ती 'स्टॉकहोम', १९४८ची. ती स्वतः बुडाली नाही. १९९०च्या दशकात इटलीत तिचं अंग तेवढं ठेवून वरचं सगळं उतरवलं. मजले नवे, इंजिनं नवी, स्थिरतेसाठी शेपटाकडे पाण्यालगत रुंद पोकळ भाग जोडला. शेवटी 'ॲस्टोरिया' या नावानं ती २०२० पर्यंत सहली करत होती. ७२ वर्षं! आपल्या एसटीच्या हिंगण्याच्या कार्यशाळेत हेच चालतं: जुनी चासी, वर नवी बॉडी. नव्या बॉडीच्या गाडीत बसल्यावर ही जुनी गाडी आहे असं कोणी म्हणत नाही. ॲस्टोरियात बसणाऱ्याला स्टॉकहोम भेटली का? मला वाटतं, नाही भेटली. अंग तेवढं तेच होतं.

या तिन्हींत मला एक समान धागा दिसतो, आणि जहाजप्रेमी मंडळी त्याबद्दल फार बोलत नाहीत. क्यूई२ चालू होतं तेव्हा बदललं. स्टॉकहोमच्या सहली थांबून थोडीच वर्षं झाली होती. फ्रान्स बंद होतं, पण पाचच वर्षं. यंत्र माहीत असलेली माणसं हयात होती, सुट्या भागांचे कारखाने होते, नकाशे कपाटात होते. युनायटेड स्टेट्स २०१६ साली तपासलं तेव्हा ते बंद पडून ४७ वर्षं झाली होती. जहाज उभं राहिलं की गंज चढतो हे खरं, पण त्याहून वेगानं नियम पुढे जातात आणि माणसं निवृत्त होतात. शिवाय उभ्या जहाजालाही धक्क्याचं भाडं लागतं. युनायटेड स्टेट्सला शेवटी हलावं लागलं ते भाड्याच्या वादात. २०२४ साली न्यायालयानं धक्का सोडायला सांगितलं, आणि जायला दुसरी जागा नव्हती.

मग हॉटेल का नाही करत? करतात. 'क्वीन मेरी' १९६७ पासून कॅलिफोर्नियात लाँग बीचला उभी आहे, 'रॉटरडॅम' आपल्याच नावाच्या शहरात, क्यूई२ दुबईत. इंजिन नको, सोलासची धास्ती कमी. पण पाण्यात उभं असलेलं हॉटेल दर काही वर्षांनी गंज काढून मागतं, आणि जमिनीवरच्या हॉटेलचा मालक तो खर्च करत नसतो. रॉटरडॅमच्या डागडुजीचा खर्च मूळ अंदाजाच्या कैक पट झाला. मला विचाराल तर तरीही हॉटेल हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग. निदान जहाजाचं पोट तसंच राहतं. पुन्हा चालवायच्या हट्टानं आधी तेच बाहेर काढावं लागतं.

काकांना एवढं बोलून समाधान झालं नाही. रविवारी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात नेलं. तिथे सातपुड्याच्या छोट्या गाडीची वाफेची इंजिनं रंगवून उभी करून ठेवलीत. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजवर काका लहानपणी सौंसरला जायचे. ती २०१५ साली बंद झाली.

एका इंजिनापाशी ते थांबले, इकडेतिकडे बघितलं, आणि बोटाच्या पेरानं बॉयलरवर तीन ठिकाणी टकटक केलं. कान जवळ नेला. पुन्हा एकदा, जरा खाली.

"जाडी हाय," म्हणाले.

तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. हात लावू नका अशी पाटी होती, ती आम्ही दोघांनीही वाचली नव्हती.